नाशपातीच्या लाकडाची पाच

मेल्ला नदीच्या या खोऱ्यात
घरटी एक माणूस बंदुकीच्या कारखान्यात.
माझे वडील, फाउस्तीनो, ना नळी ओतायचे ना घोडा बसवायचे.
ते आकार काढायचे.
आधी कागदावर, मग नाशपातीच्या लाकडात;
त्याला गाठी कमी, त्यावर सुरी रुसत नाही.

एका हिवाळ्यात वरून हुकूम आला:
नुसतं पाहूनच माणूस मागे सरला पाहिजे.
गोळी सुटायची वेळच येऊ नये.
साहेबांच्या तोंडून ते जवळपास
दयेसारखं ऐकू आलं.

वडिलांनी पाच कोरली,
काळी रंगवली, चुलीपाशी वाळत घातली
मोज्यांच्या रांगेत.
रविवारी प्रार्थना सुटल्यावर
येईल त्याला घरात बोलावून विचारू लागले,
यातलं कुठलं बघून पोटात गोळा येतो?

पाववाली सान्तीना म्हणाली, हे लांब नळीचं.
तिच्या सासऱ्याचं बोट असंच होतं,
भर जेवणात रोखलेलं.
पाद्री आर्कान्जेलो बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, हे, ज्याला बाहेरून घोडाच नाही.
घोडा दिसला की कळतं, झोपलंय की जागं आहे.
याचं काय समजायचं?
दूधवाल्याचा पोरगा चक्राच्या पिस्तुलापाशी अडला:
यात समोरून गोळ्या दिसतात ना,
आपली कुठली ते मोजत बसावं लागतं.
सुईण ओर्सोला मात्र
एकेकाच्या तोंडात डोकावून आली.
चौथं, ती म्हणाली. ज्याचं भोक मोठं त्याची भीती मोठी.
आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

वडील सगळं वहीत उतरवत होते,
नावापुढे आकडा, आकड्यापुढे कारण,
शिंप्याने मापं घ्यावीत तसं.

पाचव्याला कुणीच भ्यालं नाही.
आखूड, गोल कडांचं, कोपरा म्हणून कुठे नाही.
साबण आहे हा, सान्तीना म्हणाली.
पाद्रीबाबांनी ते खरोखरच नाकाशी नेलं.
आई म्हणाली, पीठ फुगलं नाही वाटतं.

कारखान्याने चौथं उचललं.
वर आणखी सहा कोपरे काढायला लावले,
ज्यांची पिस्तुलाला काही गरज नव्हती.
बघणाऱ्याला होती.
जहाजं भरभरून गेलं ते. वडिलांना घड्याळ मिळालं,
मागे नाव कोरलेलं, एक अक्षर चुकलेलं.

साबण आमच्याकडेच राहिला.
आई त्यावर मोज्याची टाच ओढून रफू करायची.
पुढे तो दाराखाली पाचर म्हणून गेला,
आणि मग कुठे गेला कुणी विचारलं नाही.

परवा घर रिकामं करत होते.
वीज तोडलेली, टॉर्च टेबलावर आडवी.
चमच्यांसाठी खणात हात घातला
आणि काहीतरी हातात आलं.
आलं म्हणजे, मी धरलं नाही.
बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.
अंगठ्याला त्याची खळगी सापडली,
तर्जनी टेकायची तिथे टेकली,
जणू माझ्याच तळव्याचं माप घेऊन
ते पन्नासहून जास्त वर्षं तिथे वाट बघत होतं.
एकाहत्तर वर्षांत मी कुणावर काही रोखलं नाही,
फार तर लाकडी चमचा, नातवंडांवर.
तरी मनगट ताठ झालं, कोपर सावकाश वर आलं,
खिडकीच्या काळ्या काचेत एक बाई होती
तिच्या दिशेने.

मला ते खाली ठेवायला
दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

वहीही तिथेच होती, खणाच्या तळाशी.
पाचव्यापुढची ओळ कोरी.
नीट पाहिलं तर कोरी नाही: एक शब्द लिहून खोडलेला,
रबराने घासून घासून कागद पातळ झालेला.
टॉर्चवर धरला तेव्हा वाचता आला.
सोयीचं.

खाली दूधवाल्याचा पोरगा,
म्हणजे आता टक्कल पडलेला म्हातारा,
गाडी लावून थांबला होता. त्याने हॉर्न वाजवला.
मी दचकले नाही.
तेवढं एक मला आवडलं नाही.